जुन्या पेपरबॅकचा ‘लूक’ सुरकुत्यांतून येत नाही

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तुम्हाला एका मराठी विज्ञान-साहसकादंबरीचं मुखपृष्ठ मिळालंय. प्रकाशकांना ते ‘साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन पेपरबॅकसारखं’ हवंय. तुम्ही संगणकावर मंगळ काढला, तलवारवाला नायक काढला, वरून कागदाच्या सुरकुत्या, पिवळट डाग आणि छपाईचे मोठाले ठिपके चढवले. तरी ते जुनं न वाटता जुनं केल्यासारखं वाटतंय, हे तुमचं तुम्हालाच जाणवलं. दुसरी गोष्ट, मामांच्या माळ्यावर असल्याच पुस्तकांची दोन खोकी निघालीत. ती कशी सांभाळायची आणि त्यांना काही किंमत आहे का?

पहिल्यांदा ते ठिपके काढून टाका. मोठे ठिपके हे अमेरिकन कॉमिक्सच्या आतल्या पानांचं लक्षण. तिथे स्वस्त न्यूजप्रिंट आणि जाड स्क्रीन (चित्राचे ठिपके पाडणारी जाळी) असायची. पेपरबॅकचं कव्हर मात्र एका बाजूने गुळगुळीत कोटिंग असलेल्या कार्डावर बारीक स्क्रीनने छापलेलं असे. खोक्यातलं कुठलंही पुस्तक काढा आणि घड्याळजी वापरतो तसलं दहापटीचं भिंग लावून बघा. निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांची फुलं दिसतील. भिंग बाजूला केलं की गायब. फार तर एखाद्या कडेला केसाएवढी किरमिजी रेघ दिसेल, कारण चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नव्हत्या. सुरकुत्या आणि पिवळेपणाचं म्हणाल, तर ते साठ वर्षांनी आलंय. १९६३ साली दुकानात टांगलेलं ते पुस्तक झगझगीत कोरं होतं. चित्रकाराने तजेला रंगवला होता आणि तुम्ही त्याचं म्हातारपण रंगवताय. गडबड इथेच झालीय.

मी पस्तीसेक वर्षं मुखपृष्ठं करतोय. सुरुवातीची पोस्टर कलर आणि ब्रशने केली, नंतरची बरीचशी संगणकावर. अप्लाइड आर्ट शिकत असताना मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून हीच पुस्तकं वजनाच्या भावात उचलायचो. गोष्ट वाचायला पुढे कधीतरी सवड मिळायची, कव्हरं मात्र त्याच रात्री पाहून व्हायची. तेव्हा मीही त्यातली हिरवी माणसं आणि उडती जहाजं तेवढी उचलली होती. ती चित्रं तशी का बांधली गेली, हे कळायला बरीच वर्षं गेली. पहिली सात-आठ कव्हरं त्या अडाणीपणातच छापून गेली. ती आता कुणाच्या कपाटात नसावीत अशी आशा आहे.

ती का तशी बांधली गेली, ते सांगतो. ही चित्रं फार लहान जागेसाठी होती: साधारण सव्वाचार इंच रुंद आणि पावणेसात इंच उंच. विक्रीही मुख्यतः पुस्तकांच्या दुकानांत नव्हती. अमेरिकेत १९३९ साली पॉकेट बुक्सने २५ सेंटला पुस्तक काढलं, तेव्हापासून हा माल मासिकांच्या वितरकांच्या गाड्यांतून फिरला. औषधांची दुकानं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, कोपऱ्यावरचे पेपरवाले. तिथे तारेची फिरती मांडणी असे. एका खणात पाचसहा पुस्तकं एकापुढे एक, त्यामुळे मागच्याचा फक्त वरचा पट्टा डोकावणार. गिऱ्हाईक आलेलं असतं डोकेदुखीची गोळी घ्यायला. त्याने मांडणी एकदा गर्रकन फिरवली, तेवढ्यात त्याचा हात थांबला पाहिजे.

आता या धंद्याने चित्राचं काय केलं ते बघा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव वरच्या पट्ट्यात हवं, म्हणजे चित्रकाराने वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोडायला हवा. परग्रहावरची ती अथांग, रिकामी, पिवळी-हिरवी आकाशं बघून आपण हरखून जातो, पण त्यांतली निम्मी तरी अक्षरांसाठी सोडलेली जागा आहे. माणसाची आकृती बाह्यरेषेवरूनच ओळखू यायला हवी, म्हणून ती उजेडावर काळी किंवा अंधारावर उजळ. बारीकसारीक तपशील सव्वाचार इंचांत चिखल होतो, म्हणून तो एकाच जागी. या सगळ्या अडचणी होत्या. चांगल्या चित्रकारांनी त्या अशा पचवल्या की आज आपण त्यांना शैली म्हणतो.

कव्हर किती महत्त्वाचं होतं याचा एक क्रूर पुरावाही आहे. न खपलेलं पुस्तक परत पाठवताना दुकानदार अख्खं पुस्तक पाठवत नसे. कव्हर फाडून तेवढंच परत करायचं, त्याचे पैसे वजा व्हायचे आणि उरलेलं पुस्तक रद्दीत. हिशेबाच्या वहीत पुस्तक म्हणजे त्याचं कव्हर. तुमच्या खोक्यात बिनकव्हरची एखादी प्रत निघाली तर ती वाळवीनेच खाल्ली असेल असं नाही.

‘साहसकथेचं कव्हर’ म्हटल्यावर प्रकाशकांच्या डोळ्यांपुढे जे येतं, ते मुख्यतः एका भांडणातून आलंय. टार्झनचे लेखक एडगर राइस बरोज यांची मंगळावरची पहिली गोष्ट १९१२ साली मासिकात क्रमशः आली आणि १९१७ साली पुस्तकरूपाने. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मुदतीत अर्ज केला तरच पुढे वाढे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एस बुक्सचा संपादक डोनाल्ड वॉलहाइम याच्या लक्षात आलं की बरोज यांच्या बऱ्याच पुस्तकांचं नूतनीकरण झालेलंच नाही. १९६२ पासून एसने ती धडाधड काढायला सुरुवात केली. बरोज यांच्या वारसांची कंपनी जागी झाली आणि १९६३ साली बॅलंटाइनने अधिकृत आवृत्त्या आणल्या. एकाच मांडणीवर दोन कंपन्यांचे बरोज शेजारीशेजारी लटकू लागले. मजकूर त्याच लेखकाचा, पानं तसलीच, किमतीतही फारसा फरक नाही. मग लढाई कशावर होणार? कव्हरवर.

वॉलहाइमने हे काम रॉय क्रेन्केल या चित्रकाराला दिलं. क्रेन्केल हा जुन्या पिढीतल्या जे. ॲलन सेंट जॉनचा भक्त. बरोज यांच्या जुन्या बांधीव आवृत्त्यांसाठी सेंट जॉनने केलेली चित्रं त्याच्या डोक्यात पक्की होती. पण स्वतःच्या कामाबद्दल हा माणूस सदा साशंक, काम वेळेत हातावेगळं करणं त्याला जड जायचं. त्याने आपल्या मित्राला मदतीला ओढलं. तो मित्र म्हणजे फ्रँक फ्राझेटा. ब्रुकलिनचा, जन्म १९२८, तोवर कॉमिक्समध्ये आणि दुसऱ्याच्या नावावर निघणाऱ्या एका विनोदी चित्रमालिकेत वर्षानुवर्षं राबलेला. पेपरबॅकचं त्याचं पहिलं कव्हर १९६२ सालचं, टार्झनच्या एका पुस्तकाचं, क्रमांक एफ-१६९. क्रेन्केलला १९६३ साली विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला, फ्राझेटाला १९६६ साली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर रेखाटनात आणि वास्तूंच्या कल्पनेत क्रेन्केल काकणभर सरस होता. पण मांडणीवर हात थांबवायची कला फ्राझेटाची.

ती कला नेमकी कशात आहे, हे एका चित्रावर दाखवतो. चित्र विज्ञानकथेचं नाही, तलवारीच्या साहसकथेचं आहे, पण पुढची पंधरा वर्षं विज्ञानकथांच्या कव्हरांनीही त्याचीच नक्कल केली. १९६६ साली लॅन्सर कंपनीने काढलेल्या कॉनन-मालिकेतल्या पुस्तकाचं ते कव्हर. ढिगाऱ्यावर समोर तोंड करून उभा रानटी योद्धा, तलवारीचं टोक खाली रोवलेलं, पायाला बिलगलेली स्त्री, मागे मातकट धुकं आणि त्यात जेमतेम जाणवणारी एक कवटी.

हे चित्र पडद्यावर मोठं करा आणि डोळे बारीक करून बघा. आकृत्या विरघळतील आणि एक त्रिकोण उरेल: खाली रुंद ढिगारा, वर डोकं. आता डोळे नीट उघडून कडा तपासा. डोकं, खांदे, छाती, मुठीतली मूठ, इथे कडा धारदार आणि उजेड-सावलीतला फरक जास्तीत जास्त. तिथून नजर खाली आणा. मांडीपर्यंत सगळं घट्ट, पोटरीच्या खाली ब्रश सैल होतो आणि पायांपाशी आकार ढिगाऱ्यात मिसळून जातो. मागचं धुकं म्हणजे पातळ तैलरंगाचे पुसट थर. खालचा तपकिरी रंगाचा पहिला थर तसाच दिसू दिलाय. ढिगाऱ्यात कवट्या किती हे मोजायला गेलात तर आकडा लागत नाही, कारण त्याने दोनचार नीट काढल्या आणि बाकीच्या तुमच्या डोळ्यांकडून काढून घेतल्या. चित्रात जे घडतंय असं वाटतं तेही खरं तर घडत नाही. मारामारी संपलीय किंवा अजून सुरू व्हायचीय. माणूस नुसता उभा आहे.

तुमच्या चित्रात काय झालंय? तुम्ही पाठवलेल्या कच्च्या प्रतीत नायकाच्या बुटाच्या नाड्या, मागच्या जहाजाचे खिळे, दूरच्या डोंगरावरचे दगड, सगळं सारख्याच बारकाईने काढलंय. संगणकावर हे फार सोपं असतं, चित्र मोठं करत जायचं आणि भरत जायचं. प्रत्येक चौरस इंचाला तुम्ही सारखाच मान दिलात, त्यामुळे डोळा कुठे बसावा हेच त्याला कळत नाही. जुन्या मंडळींकडे तेवढा वेळ नव्हता. फ्राझेटाने कित्येक कव्हरं मुदतीच्या आदल्या एकदोन रात्रींत उरकली असं सांगतात. घाईनेच त्यांना सोडून द्यायला शिकवलं.

बिलगलेली बाई मात्र त्या जुन्या चित्रातच राहू द्या. ती त्या काळच्या बाजारपेठेची गरज होती, आज तुमच्या कादंबरीची नाही. ‘पण त्या लूकचाच तो भाग आहे ना’ असं प्रकाशक म्हणतील. नाही. त्रिकोण हा लूकचा भाग आहे. त्रिकोणाच्या पायथ्याशी यंत्रमानव बसवा, जखमी सोबती बसवा, नायिकेलाच मधे उभी करा. बांधणी तीच राहते.

आणि सगळं फ्राझेटाच नाही, हेही त्यांच्या कानावर घाला. बॅलंटाइनकडे १९५३ पासून रिचर्ड पॉवर्स नावाचा चित्रकार अगदी वेगळंच करत होता. रॉकेट नाही, पिळदार दंड नाहीत. तरंगणारे, अर्धवट हाडासारखे, अर्धवट धातूसारखे आकार, खोल क्षितिज आणि कुठेतरी मुंगीएवढी मानवी आकृती. त्याच्या डोक्यात फ्रेंच अतिवास्तववादी इव्ह तांगी होता, कॉमिक्स नव्हे. चिल्लर मोजून विकत घेतल्या जाणाऱ्या पुस्तकावर कलादालनातली भाषा आणायची आणि ती खपवूनही दाखवायची, याला धाडस लागतं. तुमच्या कादंबरीच्या दिलेल्या सारांशात ‘परका आवाज’ हे प्रकरण आहे. मला विचाराल तर त्याला तलवारीपेक्षा पॉवर्सची वाट जास्त शोभेल.

एड एम्शविलर हा एसच्या जुळ्या पुस्तकांचा हुकमी चित्रकार. जुळी म्हणजे दोन कादंबऱ्या पाठीला पाठ लावून, एक सरळ आणि एक उलटी. मलपृष्ठ नाहीच, दोन्हीकडे मुखपृष्ठ, किंमत ३५ सेंट. तो आपली सही ‘एम्श’ अशी यंत्राच्या पट्टीवर, खडकावर, कुठेही दडवायचा. आमचा एक मित्र ती शोधण्यात चहा गार करायचा. साठच्या दशकाअखेर लिओ आणि डायान डिलन या जोडप्याने एसच्या विशेष मालिकेसाठी लाकूडठशासारखी, नक्षीदार कव्हरं केली. पुढे मुलांच्या पुस्तकांसाठी त्यांना लागोपाठ दोनदा, १९७६ आणि १९७७ साली, कॅल्डेकॉट पदक मिळालं. आणि सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये ख्रिस फॉस आला. एअरब्रशने काढलेली अजस्र जहाजं, अंगावर पिवळे-काळे पट्टे आणि चौकटी, माणूस जवळजवळ नाहीच. गोष्टीत ते जहाज असेलच याची हमी नसायची. मामांच्या खोक्यात फॉसची पुस्तकं निघतील असा माझा अंदाज आहे, कारण पँथर, स्फिअर, कॉर्गी या ब्रिटिश आवृत्त्या आपल्याकडे सरळ दुकानांत येत होत्या. अमेरिकन प्रती बहुधा प्रवाशांच्या सामानातून किंवा जुन्या मालातून यायच्या.

आपल्याकडेही याच काळात दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघे, मूळचे गोव्याचे, स्टेशनवरच्या गर्दीत हात थांबवणारी कव्हरं करत होते. रहस्यकथांच्या मुळगावकरी कव्हरांवरचा तो स्प्रेचा मऊ उजेड आठवा. ‘जुनं’ म्हटलं की आपण अटलांटिकपलीकडेच का बघतो कोण जाणे. संदर्भासाठी एक फाइल यांचीही ठेवा.

आता कामाला लागा. मी काय करतो ते सांगतो, जमेल ते घ्या. आधी काडेपेटीएवढ्या वीस चौकटी आखा. पेन्सिल नको, काळ्या मार्करने फक्त काळं आणि पांढरं. चेहरा नाही, कपडे नाहीत, तपशील नाही. वीसपैकी तीन हाताच्या अंतरावरून ओळखू येतात, त्यांतली एक घ्यायची. पूर्वी मी ती भिंतीला चिकटवून खोलीच्या दारातून बघायचो. आता मोबाइलवर पुस्तकविक्रीचं पान उघडून त्यातल्या इतर कव्हरांशेजारी ठेवून बघतो. तिथे आपलं चित्र अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. तारेची मांडणी गेली असं आपण म्हणतो, पण ती खिशात आलीय.

मग रंग. एक प्रकाश ठरवा, एकच. मंगळ आहे म्हणून सगळं लाल करू नका. लाल दिसायला शेजारी करडा-हिरवा लागतो. मी अजूनही कागदावर जळक्या तपकिरीचा पातळ हात मारून त्यावरच उजेड-सावली बसवतो, आणि रंग अगदी शेवटी, तोही मोजून चारपाच. संगणकावर करायचं असेल तर एक शिस्त पाळा: चित्र छपाईच्या मापाच्या दुप्पट ठेवा आणि शेवटचा तास सोडून मोठं करून बघायचं नाही. मूळ चित्रं छपाईपेक्षा बरीच मोठी असत. लहान होताना ब्रशचे फटकारे आपोआप घट्ट होत आणि दुरून बारीक काम केल्यासारखं भासे. तो भास मोठ्या, मोकळ्या फटकाऱ्यांतून येतो. बारीक ब्रशने येत नाही.

नावाची अक्षरं ही आपली स्वतःची अडचण आहे, आणि तिचं उत्तर अमेरिकन कव्हरांत सापडत नाही. इंग्रजी नाव मोठ्या लिपीत टाकलं की एक सरळ पट्टा तयार होतो, वर काही नाही, खाली काही नाही. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. तेवढ्याच आकाशात नाव कोंबलं की ते गुदमरतं. म्हणून मी आकाश तिसऱ्या हिश्शाऐवजी चाळीस टक्क्यांपर्यंत सोडतो. दुसरं, शिरोरेषा ही चित्रातली एक ठळक आडवी रेघ असते. तिच्याखाली जवळच क्षितिज आलं की दोन समांतर रेघा भांडतात. क्षितिज खाली ढकला, तिरकं करा किंवा धुक्यात बुडवा. आणि कृपा करून ते ‘फ्युचरिस्टिक’ फॉन्ट वापरू नका, ज्यांत र आणि स ओळखण्यासाठी वाचकाला मोहीम काढावी लागते. हाताने लिहा. खडबडीत आलं तरी चालेल. जुन्या मराठी कव्हरांवर नावं हातानेच रेखलेली असत.

‘फ्राझेटासारखं कर’ आणि ‘फ्राझेटाचं हे घे’ यांत फरक आहे. त्याची चित्रं हक्कांनी बांधलेली आहेत. पोझ ट्रेस करू नका. आरशासमोर स्वतः चादर खांद्यावर टाकून उभे राहा, भावाकडून फोटो काढून घ्या. हसू येईल, पण नायकाचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळेल.

करारात एक ओळ घाला: मूळ चित्र आणि मूळ फाइल चित्रकाराची. फ्राझेटाचं एसशी बिनसलं त्यात पैशांइतकीच मूळ चित्रं परत न मिळण्याची बोच होती. लॅन्सरकडे त्याला ती परत मिळू लागली. त्याचं १९६९ सालच्या एका भयकथा-मासिकाचं मूळ कव्हर २०१९ मध्ये लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं. माझी गोष्ट इतकी भव्य नाही. नव्वदच्या दशकात एका प्रकाशकांकडे दिलेलं चित्र महिन्याभराने मागायला गेलो, तर ते ज्या जाड पुठ्ठ्यावर काढलं होतं तो कुणीतरी पार्सलला आधार म्हणून वापरून टाकला होता. नागपूरला गेलं, एवढंच कळलं. दोष कुणाला देणार, मीच पावती घेतली नव्हती.

आता खोकी. किमतीबद्दल स्पष्ट बोलतो: ५४ लाख डॉलर मूळ चित्राला मिळतात, छापील प्रतीला नाही. या प्रती लाखांनी छापल्या गेल्या. बहुतेकांना रद्दीपेक्षा बरी, पण आनंदाने खिशात मावेल एवढीच किंमत येईल. कणा न मोडलेली, कोपरे शाबूत असलेली, रंग न उडालेली प्रत असेल तरच संग्राहक विचारतो. असं असूनही ती टाकू नका, आणि त्याला एक चांगलं कारण आहे. फ्राझेटा परत मिळालेली चित्रं पुन्हा रंगवायचा. चेहरे बदलायचा, पार्श्वभूमी बदलायचा. काही चित्रांचं पहिलं रूप आज फक्त त्या स्वस्त छापील कव्हरावरच उरलंय.

चित्रकार कोण ते शोधायचं तर आधी सही बघा, तळाच्या कोपऱ्यात आणि यंत्रांवरसुद्धा. मग पुस्तकाचा क्रमांक. एसच्या जुन्या प्रतींवर आकड्याआधीचं अक्षर किंमत सांगतं: डी म्हणजे ३५ सेंट, एफ ४०, जी ५०. त्यावरून काळाचा अंदाज येतो. क्रमांक घेऊन इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेसमध्ये शोधा. प्रत्येक आवृत्तीचं कव्हर आणि बहुतेकांचा चित्रकार तिथे नोंदलेला असतो. एकाच कादंबरीला दहा वेगळी कव्हरं असतात, त्यामुळे नुसत्या नावावरून शोधू नका.

सांभाळणं. आतला कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. तो पिवळा होणारच, आपण फक्त वेग कमी करू शकतो. उन्हात किरमिजी आणि पिवळी शाई आधी जाते, म्हणून खिडकीजवळच्या कव्हरांना निळी कळा येते. फ्रेम करून दिवाणखान्यात लावायची हौस असेल तर स्कॅन करून त्याची छपाई लावा. पारदर्शक चिकटपट्टी नको. दहा वर्षांत तिचा गोंद तपकिरी होतो आणि निघताना शाई घेऊन निघतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. हे मी माझ्या सगळ्यात आवडत्या प्रतीवर करून बसलोय. झेरॉक्सवाल्याकडून गरम लॅमिनेशन करून घेतलं, तीन पावसाळ्यांत कडेने हवा शिरली आणि प्लॅस्टिक सुटताना मंगळाचं अर्धं आकाश सोबत घेऊन गेलं. कव्हर वाचवायला गेलो आणि तेच सोललं.

पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्या. उग्र वासाच्या पीव्हीसीच्या नकोत. पुस्तकं उभी ठेवा, पण इतकी दाबून नाही की काढताना कण्याचं टोक फाटेल. वाचायची असतील तर पूर्ण उलगडून पालथी ठेवू नका, कण्यातला गोंद आता बिस्किटासारखा झालाय. कसर लागलेली प्रत इतरांत मिसळू नका. डांबराच्या गोळ्या पानांना लागतील अशा टाकू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. झाकण घट्ट बसेल असा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या महिन्याला बदलायच्या किंवा तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत टाकायच्या. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, ती भिंत घाम सोडते.

पण डब्यात भरण्याआधी आठ दिवस ती पुस्तकं टेबलावर, पंख्याखाली, सावलीत पसरून ठेवा. वारा लागेल आणि तुमच्या डोळ्यांपुढेही राहतील. त्यांतली जी तीन तुम्ही न ठरवता पुन्हापुन्हा उचलाल, त्यांचे काडेपेटीएवढे काळे-पांढरे आराखडे काढून मला पाठवा. तुमच्या कव्हरची नवी प्रत नंतर बघू.